ओझार्कच्या नद्यांवर गळ टाकण्याआधी: लायसन्स कुणाला लागतं, कुठलं लागतं आणि कुठे अडतं

दर मे महिन्यात, शुक्रवारी रात्री दहाच्या सुमाराला फोन वाजतो. "कनूच्या होड्या बुक झाल्यात, तंबू गाडीत टाकलाय, पहाटे निघतोय. ते मासेमारीच्या लायसन्सचं तेवढं सांग ना." तेवढंच सांगण्यासारखं असतं तर हे लिहायला बसलोच नसतो.

वॉलमार्टच्या निमित्ताने आर्कान्सातल्या बेंटनव्हिलच्या आसपास बरीच मराठी कुटुंबं आली, सेंट लुईसकडे आधीपासून आहेत, मिसुरीतल्या रोलाच्या विद्यापीठात मुलं शिकतात. या सगळ्यांच्या दोन-तीन तासांच्या अंतरावर ओझार्कच्या, म्हणजे अमेरिकेतल्या एका डोंगराळ भागाच्या, नद्या आहेत. इथे 'फ्लोट फिशिंग' म्हणजे दोरीला तरंगणारं बूच बांधून काठावर बसणं नव्हे. होडी प्रवाहात सोडायची आणि वाहत जाता जाता कडेच्या खडकांपाशी, बुडालेल्या ओंडक्यांपाशी गळ टाकत राहायचा. धरणं होण्याआधी मिसुरीतल्या गलीनाहून ब्रॅन्सनपर्यंत लाकडी सपाट जॉनबोटींमधून असे कित्येक दिवसांचे प्रवास चालत. आता बहुतेक जण कनू घेतात. होडी मिळणं सोपं आहे. अडतं ते कागदावर.

अर्ज भरण्याआधी दोन गोष्टी ठरवा: पाणी कुठल्या राज्याचं आणि मासा कुठला. निम्मे घोटाळे इथेच टळतात.

पाणी कुणाचं

ओझार्कचा मोठा भाग दक्षिण मिसुरी आणि उत्तर आर्कान्सा या दोन राज्यांत आहे. मिसुरीत लायसन्स (तिथे त्याला 'परमिट' म्हणतात) 'डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशन' देतं, आर्कान्सात 'गेम अँड फिश कमिशन'. एकाचं दुसरीकडे चालत नाही. बेंटनव्हिलहून तासाभरात रोअरिंग रिव्हर स्टेट पार्कला पोचता येतं, पण मध्ये राज्याची सीमा आहे. तिथे आर्कान्साचं लायसन्स म्हणजे नुसता कागद.

मिसुरीतल्या करंट आणि जॅक्स फोर्क या नद्या १९६४ सालापासून 'ओझार्क नॅशनल सीनिक रिव्हरवेज'मध्ये आहेत. आर्कान्सातली बफेलो नदी १९७२ साली देशातली पहिली 'नॅशनल रिव्हर' झाली. दोन्ही ठिकाणी कारभार नॅशनल पार्क सर्व्हिसचा. त्यामुळे पार्कचा वार्षिक पास दाखवून "हे चालेल ना?" असं विचारणारे भेटतात. नाही चालत. तो पास प्रवेशाचा. माशाचं लायसन्स त्या त्या राज्याचंच लागतं.

'व्हाइट रिव्हर बॉर्डर लेक्स' नावाच्या परमिटचं नाव तर असं आहे की कुणीही फसावं. दोन्ही राज्यांत चालणारं म्हणून लोक हौसेने घेतात. ते टेबल रॉक, बुल शोल्स आणि नॉरफोर्क या तीन जलाशयांपुरतं आहे. त्यांना मिळणाऱ्या नद्या त्यात येत नाहीत, धरणाखालची व्हाइट नदीही नाही. तुम्ही नदीत फ्लोट करणार असाल तर ते विसरा.

रहिवासी म्हणजे कोण

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण फीमधला फरक डोळ्यात भरतो. मिसुरीत परराज्यातल्या माणसाचं वार्षिक परमिट स्थानिकाच्या साधारण चौपट पडतं. मग माणूस "आम्ही इथेच तर राहतो" म्हणत 'रेसिडेंट' वर टिचकी मारतो.

मिसुरीची अट अशी: अर्जाआधी किमान ३० दिवस तुमचं प्रत्यक्ष राहणं आणि कायमचा कायदेशीर पत्ता, दोन्ही मिसुरीत हवं, आणि दुसऱ्या राज्यात किंवा देशात तुम्ही रहिवाशाच्या सवलती घेत नसाल. घर विकत घेतलं म्हणून कुणी रहिवासी होत नाही. ग्रीन कार्डवाल्यांचा नियमात वेगळा उल्लेख आहे. एच-वन व्हिसावर असाल तर आपल्या मनाने ठरवू नका. खात्याला फोन करा, उत्तर कुणी आणि कधी दिलं ते लिहून ठेवा. उत्तर मनासारखं मिळालं नाही, तर मुकाट नॉन-रेसिडेंट परमिट घ्या. खोटी माहिती देऊन घेतलेलं परमिट नदीवर तपासलं गेलं, तर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट जातात.

आर्कान्सात मुदत ६० दिवसांची आहे. नोकरीचं पत्र आणि अपार्टमेंटचा करारनामा हातात असला, पण येऊन तीनच आठवडे झाले असले, तर तुम्ही अजून पाहुणे.

रोलाच्या मुलांसाठी मात्र एक चांगली सोय आहे. मिसुरीत पूर्णवेळ शिकणाऱ्या आणि शिक्षणासाठी तिथेच राहणाऱ्या परराज्यातल्या विद्यार्थ्यांना रेसिडेंट दराचं परमिट मिळतं. ते दुकानात जाऊन घ्या. पूर्णवेळ विद्यार्थी असल्याचा पुरावा मासेमारीच्या वेळीही जवळ लागतो. नुसतं कॉलेजचं ओळखपत्र पूर्णवेळ असल्याचं सांगत नाही. त्या सत्राच्या नोंदणीची प्रत ठेवा.

आजोबा पासष्टच्या वर आहेत, पण

हे मी थोडं सविस्तर लिहितोय, कारण हे पाहताना वाईट वाटतं. उन्हाळ्यात पुण्याहून, सांगलीहून, रत्नागिरीहून आई-वडील येतात. कोकणातल्या आजोबांनी आयुष्यभर खाडीत गळ टाकलेला असतो. नदी दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. मुलाने कुठेतरी वाचलेलं असतं, "६५ च्या वर परमिट लागत नाही." झालं, आजोबांच्या हाती रॉड.

मूळ वाक्य असं आहे: मिसुरीचे *रहिवासी* असलेल्या ६५ वर्षांवरच्यांना मासेमारीचं परमिट लागत नाही. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आजोबा मिसुरीचे रहिवासी नाहीत. वय ७५ असो की ८५, त्यांना लागतं. आर्कान्सातही पाहुण्या ज्येष्ठांना सूट नाही. एका ओळखीच्या घरातल्या आजोबांना वळणावर उभ्या असलेल्या एजंटने, म्हणजे परमिट तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, थांबवलं. माणूस सभ्य होता, आवाजही चढवला नाही, पण दंडाची पावती फाडलीच. आजोबांना पैशाचं काही वाटलं नाही. "परदेशात आपल्याला पोलिसाने पकडलं" हे मात्र ते परत जाईपर्यंत धरून बसले.

त्यांच्यासाठी दिवसाचं परमिट घ्या. वार्षिक नको. तेही आधी घ्या, कारण इथेच दुसरी खोच आहे: सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक. १९९० च्या दशकातल्या केंद्रीय कायद्याने राज्यांना मासेमारी-शिकारीच्या लायसन्सच्या अर्जातही हा नंबर मागायला लावलं. उद्देश, मुलांच्या पोटगीची थकबाकी वसूल करणं. गळाचा आणि पोटगीचा काय संबंध, हे मला विचारू नका. संगमेश्वरहून आलेल्या आजोबांकडे तो नंबर नसतो, कधी असणारही नाही. ऑनलाइन अर्ज भरताना नेमकं तिथे अडून बसतं. अशा वेळी स्वतःचा नंबर टाकून मोकळे होऊ नका! लोक टाकतात. मग परमिट तुमच्या नावावर जातं आणि आजोबा होते तिथेच राहतात. त्यांचा पासपोर्ट घेऊन परमिट विकणाऱ्या दुकानात जा, किंवा थेट खात्याला फोन करा. काउंटरवरच्या मुलाला हे माहीत नसेल तर त्यालाही फोन करायला लावा. हे काम शुक्रवारी दुपारी, कार्यालय उघडं असताना करायचं असतं. शनिवारी पहाटे पाच वाजता नव्हे.

मुलांचं सोपं आहे: दोन्ही राज्यांत १६ वर्षांखाली मासेमारीचं परमिट लागत नाही. "सोपं" म्हटलं खरं, पण ट्राउट हा मासा आला की तेही बिघडतं.

ट्राउटचा वेगळा संसार

स्मॉलमाउथ बास हा मासा ओझार्कचा भूमिपुत्र. ट्राउट बाहेरून आणलेला. त्याला थंड पाणी लागतं, ते इथे दोन ठिकाणी मिळतं: मोठ्या झऱ्यांखाली, आणि जलाशयाच्या तळाचं पाणी सोडणाऱ्या धरणांखाली. बहुतेक ट्राउट सरकारी हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवून सोडलेले असतात. त्या वाढवण्याचा खर्च कुठून तरी निघायला हवा, म्हणून ट्राउटचं वेगळं परमिट. हे साध्या परमिटच्या *जोडीला* लागतं, त्याच्या जागी नाही.

मिसुरीत साधारण नियम असा की ट्राउट घरी न्यायचा असेल तर ट्राउट परमिट हवं. इथे १६ वर्षांखालच्यांनाही सूट नाही, त्यांना फक्त ते कमी दरात मिळतं. ६५ वर्षांवरच्या रहिवाशांनाही ट्राउट ठेवायचा तर हे लागतंच. टॅनिकोमो तलावात हायवे ६५ च्या पुलाच्या वरच्या बाजूला तर मासा सोडून देणार असलात तरी लागतं.

बेनेट स्प्रिंग, मॉन्टॉक, रोअरिंग रिव्हर आणि मॅरामेक स्प्रिंग या चार ट्राउट पार्कांचं गणित आणखी वेगळं. १ मार्च ते ३१ ऑक्टोबर तिथे रोजचा टॅग (त्या दिवसापुरता परवाना) घ्यावा लागतो, लहान मुलांनाही. तो त्या पार्कात, त्याच दिवशी मिळतो. "वार्षिक ट्राउट परमिट आहे की" म्हणून टॅगशिवाय पाण्यात उतरलेले किती तरी पाहिलेत. ज्यांना साधं परमिट लागतं, त्यांना टॅगच्या जोडीला तेही लागतंच. आणि बेनेट स्प्रिंगच्या पार्कातून नायंग्वा नदीत उतरलात की टॅगची हद्द संपते. तिथे ट्राउट ठेवायचा तर वार्षिक ट्राउट परमिट हवं. एका दिवसात दोन्ही करणार असाल तर दोन्ही घ्या.

आर्कान्सात उलट आहे. बुल शोल्स, नॉरफोर्क, ग्रीअर्स फेरी यांच्या धरणांखालच्या ठरावीक पाण्यात तुम्ही एकही मासा ठेवणार नसाल तरी ट्राउट परमिट लागतं. मात्र १६ वर्षांखाली नाही. मुलं असतील तर नॉरफोर्कच्या हॅचरीलगतचा ड्राय रन क्रीक लक्षात ठेवा. तिथे फक्त १६ वर्षांखालच्या मुलांना आणि चालण्या-फिरण्यात अडचण असलेल्यांना गळ टाकता येतो. मासा सोडूनच द्यायचा असतो, पण पोरांच्या गळाला जे लागतं ते पाहून बापांचे चेहरे पडतात.

फेब्रुवारीची मेख

आर्कान्साचं वार्षिक लायसन्स घेतल्या दिवसापासून वर्षभर चालतं. मिसुरीचं तसं नाही. ते कधीही घेतलं तरी फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी संपतं. जानेवारीत सेल समजून 'वार्षिक' घेतलं तर तुमच्या पदरात जेमतेम दोन महिने. आणि १ मार्चला ट्राउट पार्क उघडतात, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या सकाळी हजारोंचं परमिट आदल्या रात्रीच संपलेलं असतं. ज्याने कुणी हे वेळापत्रक बसवलं त्याला नमस्कार.

स्मॉलमाउथचीही एक तारीख आहे. मिसुरी नदीच्या दक्षिणेकडच्या बहुतेक नद्यांत बास ठेवायचा मोसम मे महिन्याच्या *चौथ्या शनिवारी* सुरू होतो. लोक 'मेमोरियल डेचा वीकेंड' (मेच्या शेवटच्या सोमवारच्या सुट्टीला लागून येणारा) असं लक्षात ठेवतात आणि बहुतेक वर्षी ते जुळतं, पण शनिवार मोजा, सुट्टी नको. त्याआधी, १ मार्चपासून, गळ टाकता येतो, फक्त मासा लगेच परत सोडायचा. बंद मोसम म्हणजे मासेमारीच बंद, हा समज चुकीचा. नद्यांत साधारणपणे १२ इंचांखालचा बास ठेवता येत नाही, आणि स्मॉलमाउथच्या खास टापूंत १५ इंच आणि दिवसाला एकच. टापू कुठे सुरू होतो त्याची पाटी काठावर असते. होडीतून जाताना ती सहज हुकते, म्हणून नकाशा आधी पाहून ठेवा.

अर्ज भरणं ही त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट. खात्याची वेबसाइट, ॲप किंवा परमिट विकणारं दुकान. नाव, जन्मतारीख, पत्ता, उंची-वजन, कार्डाने पैसे. दहा मिनिटं. गाईड घेतला असेल तरी प्रत्येकाचं परमिट वेगळं, गाईडच्या परमिटमध्ये तुम्ही येत नाही. नुसतं वल्हं मारणाऱ्याला काही लागत नाही, पण "जरा धर, फोटो काढतो" म्हणून त्याच्या हाती रॉड दिलात, तर एजंटच्या नजरेत मासेमारी तोच करतोय. आणि जूनमधल्या पहिल्या सोमवारनंतरच्या शनिवार-रविवारी मिसुरीत परमिट, ट्राउट परमिट, टॅग, काहीच लागत नाही. आजोबांची तिकिटं काढताना हे दोन दिवस बघा. लांबीचे आणि संख्येचे नियम त्या दिवशीही लागू असतात.

पाण्यात उतरल्यावरच्या दोन-तीन गोष्टी. प्रत्येकाने धरलेला मासा वेगळा ओळखता यायला हवा, सगळ्यांचे मिळून एका कूलरमध्ये टाकू नका. लांबीची अट असलेला मासा नदीवर साफ करू नका, डोकं-शेपूट शाबूत राहायला हवं, नाहीतर लांबी मोजणार कशी? म्हणजे नदीतल्या दगडगोट्यांच्या बेटावर रवा लावून ताजा बास तळायचा बेत रद्द. मिसुरीतल्या ट्राउट पार्कांत आणि बऱ्याच ट्राउट नद्यांत फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या, तळव्यांचे बूट चालत नाहीत. २०१२ सालापासून बंदी आहे, कारण त्यातून डिडिमो नावाचं शेवाळ पसरतं. काठावरच्या जमिनीच्या मालकाने हटकलं तर घाबरू नका: १९५४ च्या 'एल्डर विरुद्ध डेलकोर' खटल्यात मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने होडी जाण्याजोग्या नदीत वाहत जाण्याचा लोकांचा हक्क मान्य केला आहे. त्याच्या शेतातून नदीपर्यंत चालत जाण्याचा मात्र नाही. उतरायचं आणि चढायचं ते सार्वजनिक घाटावर.

परमिट कागदावर छापून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, दऱ्यांमध्ये फोनला रेंज नसते. आणि करंट असो की बफेलो, कनूत काच चालत नाही. लोणच्याची बरणी घरी ठेवा, लोणचं डब्यात घ्या.