परमिटवर दोन सह्या का? सातपूर-अंबडच्या नजरेतून थोडी पार्श्वभूमी

नाशिकच्या एमआयडीसीत परमिटचा, म्हणजे धोक्याच्या कामाआधी घ्यायच्या लेखी परवानगीचा, विषय निघाला की फिरून फिरून वाद एकाच ठिकाणी येतो, आयसोलेशन (यंत्र किंवा लाइन बाकी प्लांटपासून तोडून बंद करणं) कोणी करायचं आणि सही कोणाची. प्रॉडक्शनवाला म्हणतो काम मेंटेनन्सचं आहे तर बंद व्हॉल्वला लॉक त्यांनीच लावावं. मेंटेनन्सवाला म्हणतो लाइन तुमची, व्हॉल्व तुमचे, लाइनीत काय आहे तेही तुम्हालाच माहीत, आधी मोकळी करून द्या मग आम्ही स्पॅनर लावतो. हा वाद आला कुठून ते बघू. हॉट (आग-ठिणगीचं काम), कोल्ड (त्याशिवायचं), हाइट (उंचीवरचं), कन्फाइन्ड (टाकीसारख्या कोंदट जागेतलं) हे परमिटचे प्रकार सगळ्यांना माहीत आहेत, त्यात जात नाही.

जुना भाग पटकन उरकतो. १९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टमध्ये कलम ३६ होतं, की टाकी, खड्डा, फ्लू (धुराचा मार्ग) असल्या जागेत माणूस उतरायच्या आधी जाणकार माणसाने स्वतः टेस्ट करून लेखी सर्टिफिकेट द्यायचं, नाहीतर उतरणाऱ्याला श्वासाचं उपकरण आणि पट्टा, आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. कलम ३७ मध्ये ज्वालाग्राही माल असलेल्या टाकीवर वेल्डिंग-कटिंगआधी काय करायचं ते आलं. १९७६ मध्ये आत न्यायच्या हातदिव्याला २४ व्होल्टची मर्यादा आली. बाकी रोजची दुरुस्ती, पंप उघडणं, फ्लँज (पाइपांचा बोल्टचा जोड) सोडणं, हे सगळं ज्याच्या त्याच्या समजुतीवर. वीजवाले यात बरेच पुढे होते, लाइन क्लिअर, म्हणजे वीज बंद केल्याची खात्री, घेतल्याशिवाय खांबावर चढायचं नाही ही शिस्त त्यांच्याकडे आधीपासून.

राज्यात एमआयडीसी १९६२ ची. सातपूर आणि नंतर अंबड वाढलं ते मुख्यतः इंजिनीअरिंगवर, मशीन शॉप, प्रेस शॉप, फोर्जिंग. त्यामुळे परमिट हे केमिकलवाल्यांचं झंझट अशी समजूत इकडे बरीच वर्षं टिकली. आमच्याकडे गॅस कुठेय, हे वाक्य अजून ऐकू येतं, आणि त्याच प्लांटमध्ये पेंट शॉपचं थिनर, ईटीपीची (सांडपाणी शुद्ध करायची) टाकी आणि एलपीजीची लाइन सगळं असतं.

आता मुख्य मुद्दा. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात एमआयसीच्या (मिथाइल आयसोसायनेट, विषारी रसायन) टाकीत पाणी गेलं आणि वायू सुटला. कसं गेलं यावर शेवटपर्यंत दोन बाजू राहिल्या, कंपनीने कोणीतरी मुद्दाम घातलं असं म्हटलं, तर कामगारांच्या बाजूने सांगितलं गेलं की संध्याकाळी पाइप धुवायचं काम चालू होतं आणि धुण्याआधी लाइनमध्ये ब्लाइंड (पाइप बंद करणारी धातूची चकती) टाकलाच नव्हता. मला दुसऱ्या बाजूत जास्त दम वाटतो, पण क्षणभर तेही बाजूला ठेवू. बघायचं ते हे की ब्लाइंड टाकणं मेंटेनन्सचं काम होतं, धुणारा माणूस ऑपरेशनचा होता, ब्लाइंड नाहीये हे दिसूनही ते आपलं काम नाही असं त्याला वाटलं, आणि मेंटेनन्स सुपरवायझरची रात्रीची पोस्ट खर्च कमी करायला काही दिवस आधीच काढून टाकलेली. म्हणजे कागदावर जबाबदार असलेला माणूस त्या शिफ्टला नव्हताच. सही कोणाची या वादाचं मूळ मी इथे धरतो, कायद्याच्या कलमात नाही.

त्यानंतर १९८७ मध्ये अ‍ॅक्टमध्ये धोकादायक प्रक्रियांचं नवं प्रकरण घातलं गेलं, तेल उद्योगासाठी वर्क परमिटचं वेगळं स्टँडर्डही निघालं.

दुसरी गोष्ट ६ जुलै १९८८ ची, उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मची, १६७ माणसं गेली. तिथे परमिट होतं, दोन दोन होती. एकाच पंपाला एक परमिट ओव्हरहॉलचं (पूर्ण दुरुस्तीचं), जे काम सुरूच झालं नव्हतं, आणि दुसरं सेफ्टी व्हॉल्व (जास्त दाब सोडून देणारा) काढून टेस्टला नेल्याचं. संध्याकाळी व्हॉल्व परत बसला नाही, उघड्या तोंडावर नुसता ब्लाइंड फ्लँज (झाकण), परमिट सस्पेंड करून दुसऱ्या ऑफिसात गेलं. रात्री पावणेदहाच्या आसपास दुसरा पंप ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, कंट्रोल रूममध्ये ओव्हरहॉलचा कागद सापडला, काम तर चालू नाही म्हणून हा पंप घेतला चालवायला, आणि त्या झाकणातून गॅस गळून स्फोट झाला. व्हॉल्वची जागा पंपापासून लांब, वर, खालून दिसत नव्हती. १९९० च्या चौकशी अहवालात १०६ शिफारशी आल्या. हँडओव्हरला, म्हणजे शिफ्ट बदलताना, समोरासमोर बोला, एकाच यंत्रावरची परमिट एकमेकांना जोडा, आयसोलेशनला लॉक लावा, हे जे आज आपल्या फॉर्मच्या मागे छापलेलं असतं त्यातलं बरंचसं तिथे पक्कं झालं.

तर दोन सह्यांचा अर्थ असा की परमिट देणारा म्हणतो, मी लाइन मोकळी केली, आणि घेणारा म्हणतो, मी जाऊन बघितलं. प्रॉडक्शन आणि मेंटेनन्स दोघांच्या भांडणाचं उत्तर इथेच आहे, एकाने करायचं आणि दुसऱ्याने त्याच्यावर विश्वास न ठेवता तपासायचं. पण अंबडच्या पंधरा-वीस माणसांच्या युनिटमध्ये शिफ्टला एकच इनचार्ज, तोच प्रॉडक्शन, तोच मेंटेनन्स, तोच सेफ्टी, मग दोन्ही रकान्यांत एकच सही. ऑडिटर विचारतो तेव्हा दुसरी सही स्टोअरवाल्याची घेतात, त्याने व्हॉल्व बघितलेलाही नसतो. लहान युनिटला दुसरा माणूस परवडत नाही हे खरं, पण मग निदान ठेकेदाराच्या फिटरला सोबत नेऊन व्हॉल्व दाखवा आणि त्याचं कुलूप लावून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

हे फॉर्म आपल्याकडे आले ते बहुतेक ग्राहकाच्या दबावाने. गाड्यांचे पार्ट घेणारी मोठी गिऱ्हाईकं कामगार-सुरक्षेचं सर्टिफिकेट मागायला लागली, आधी ओएचएसएएस १८००१, मग २०१८ पासून आयएसओ ४५००१, आणि त्यासोबत तीन रंगांची परमिट बुकं आली. राज्याच्या २००१ च्या द्राक्ष-वाइन धोरणानंतर दिंडोरी, विंचूरकडे वायनरी वाढल्या, तिथला धोका आणखी वेगळा, फर्मेंटेशनचा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, टाकीच्या तळाशी बसून राहतो, वास नाही रंग नाही. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल तर उतरायचं नाही, हे द्राक्षाच्या हंगामापुरत्या आलेल्या पोराला सांगणार कोण, तर तोच दुसरी सही करणारा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवा सेफ्टी कोड (फॅक्टरीज अ‍ॅक्टच्या जागी आलेला कामगार-सुरक्षेचा कायदा) लागू झालाय, कलमांचे आकडे बदलले, जुने बोर्ड बदलावे लागतील. सध्या जोर ई-परमिटचा आहे. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये देणारा आणि घेणारा एकाच लॉगिनने सही करू शकत नाही, म्हणून मग काही ठिकाणी दोन लॉगिन आणि दोन्ही पासवर्ड एकाच माणसाकडे.