तंत्रसाहाय्यित वाचनशिक्षण (खानदेश)

घरात पुस्तक नसलेल्या, बहुधा शिकणाऱ्या पहिल्याच पिढीतल्या लहान मुलांना वाचायला शिकवताना शिक्षकाचे अध्यापन आणि टॅबलेट किंवा मोबाइलवरील सराव यांची सांगड घालण्याची पद्धत. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत हा प्रश्न साधनांइतकाच बोलीचाही आहे. कारण पहिलीत येणारे मूल सपाटीवर अहिराणी किंवा लेवा बोली, तर सातपुड्यात पावरी किंवा भिली बोलत येते आणि पाठ्यपुस्तक मात्र प्रमाण मराठीत असते.

फिलिप गफ व विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये वाचन म्हणजे लिपीची उकल आणि भाषेचे आकलन यांचा गुणाकार असे सूत्र मांडले. त्यातला एक घटक शून्य असला, तर फळही शून्यच येते. बाराखडी, काना-मात्रा, जोडाक्षरे यांचा न कंटाळता करून घ्यायचा सराव यंत्राला चांगला जमतो. अर्थ मुलाच्या बोलीतून उलगडून देणे हे शिक्षकाचे काम राहते. पावरी बोलणारे मूल मराठी उतारा खडखड वाचून दाखवते आणि त्यातले काहीच त्याला कळलेले नसते, ही अवस्था केवळ वेग मोजणाऱ्या साधनाच्या लक्षात येत नाही.

गूगलचे ‘रीड अलाँग’ हे अ‍ॅप भारतात २०१९ मध्ये ‘बोलो’ या नावाने आले व पुढे त्यात मराठीची भर पडली. ते मुलाचे प्रकट वाचन ऐकते, अडलेला शब्द उच्चारून दाखवते आणि गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटविना चालते. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगराळ पाड्यांवर ही सोय मोलाची ठरते. मात्र अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘डोळा’ हा शब्द ‘डोया’ असा वाचणाऱ्या मुलाने अक्षर बरोबर ओळखलेले असते, तरी प्रमाण उच्चारावर बेतलेले यंत्र त्याला चूक ठरवू शकते. अशा वेळी निवाडा शिक्षकानेच करावा.

तिसरीअखेर पायाभूत वाचन साधण्याचे उद्दिष्ट ठेवणारे ‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पातळ्यांनुसार गट करण्याची ‘प्रथम’ संस्थेने रुजवलेली रीत द्विशिक्षकी शाळांना विशेष सोयीची आहे: एक गट टॅबलेटवर सराव करतो, तेव्हा शिक्षक दुसऱ्या गटाजवळ बसू शकतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतील मुले हंगामानंतर परततात, तेव्हा टॅबलेटवरील जुनी नोंद ती कुठे थांबली होती एवढेच सांगते. मधल्या महिन्यांत किती विसरली, हे मुलांना जवळ बसवून, त्यांच्याकडून वाचून घेऊनच शिक्षकाला ठरवावे लागते.