'रिस्टोअर आयफोन' की 'रिस्टोअर बॅकअप'?

आयफोन केबलने मॅकला जोडून फाइंडरमध्ये उघडला की 'जनरल'मध्ये दोन बटणं दिसतात: 'रिस्टोअर आयफोन' आणि 'रिस्टोअर बॅकअप'. विंडोजवर आयट्यून्समध्येही हीच जोडी आहे. जुना डेटा परत हवा असलेला माणूस घाईत पहिलंच दाबतो, आणि मग पोटात गोळा येतो.

पहिलं बटण फोन कोरा करतं. फोटो, मेसेज, सेटिंग्ज सगळं पुसून आयओएस, म्हणजे फोन चालवणारी मूळ प्रणाली, नव्याने टाकतं. फोन सुरूच होत नसेल किंवा विकायचा असेल, तर ते कामाचं. जुना डेटा आणायचं काम दुसऱ्याचं.

पण दुसरंही जपून दाबा. ते जुन्या डेटाची आजच्या डेटात भर घालत नाही, आजच्या जागी जुना बसवतं. दिवाळीतला बॅकअप आज टाकला, तर दिवाळीनंतरचे मेसेज गेले. फोटोही गेले, ते आयक्लाउडवर नसतील तर.

माझ्या मावशीला आजीच्या आवाजातल्या ओव्या हव्या होत्या. व्हॉइस मेमोजमधून चुकून पुसल्या गेल्या होत्या, आयक्लाउडवरही नव्हत्या. होत्या त्या फक्त तिच्या मॅकवरच्या दिवाळीच्या बॅकअपमध्ये. ती 'बॅक अप नाऊ' दाबणार, तेवढ्यात मी तिचा हात धरला. त्याच फोनचा नवा बॅकअप जुन्यावरच लिहिला जातो! आधी 'मॅनेज बॅकअप्स' उघडून दिवाळीच्या नोंदीवर राइट क्लिक केलं आणि 'अर्काइव्ह' निवडलं. आता ती नोंद तारीख-वेळेसकट वेगळी राहिली. मग आजचा बॅकअप घेतला.

त्यानंतर दिवाळीचा बॅकअप फोनवर टाकला. त्याने पासवर्ड मागितला. बॅकअप एन्क्रिप्टेड, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद केलेला होता. हा पासवर्ड विसरला तर तो बॅकअप उघडत नाही, पण साठवलेले पासवर्ड आणि हेल्थचा डेटा एन्क्रिप्टेड बॅकअपमध्येच येतो, म्हणून मी तोच घ्यायला सांगतो. मावशीने पासवर्ड डायरीत लिहून ठेवला होता.

आयओएसचं एक बरं: जुना बॅकअप नव्या आयओएसवर चालतो. नव्या आयओएसवर घेतलेला मात्र जुन्या आयओएसच्या फोनवर जात नाही, आधी फोन अपडेट करावा लागतो.

ओव्या सापडल्या. एअरड्रॉपने त्या मॅकवर घेतल्या, आणि मग आजचा बॅकअप पुन्हा फोनवर टाकला. तो होईपर्यंत मावशी मॅकवर जात्यावरची पहिली ओवी पुन्हा पुन्हा ऐकत बसली होती.