सीआरपीचा आकडा आणि पोटाचा घेर

माझ्या मामांच्या रक्ताच्या रिपोर्टात एका ओळीपुढे ठळक अक्षरांत 6.8 छापलं होतं. ती ओळ 'हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी'ची, म्हणजे शरीरातला दाह दाखवणाऱ्या एका प्रथिनाच्या बारकाईने केलेल्या मोजणीची. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं: 1 पेक्षा कमी असेल तर हृदयविकाराचा धोका कमी, 1 ते 3 मध्यम, 3 च्या वर जास्त. मामा साठीचे, हातापायांनी काटकुळे, वजन 64 किलो. रात्री नऊ वाजता त्यांचा फोन आला, "अगं, मला अटॅक येणार का?"

कोविडच्या दिवसांत सीआरपी हा शब्द घराघरांत पोचला, पण त्याचा शोध 1930 सालचा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. शरीरात कुठेही दाह सुरू झाला, म्हणजे जखम झाली, जंतू शिरले, दाढ पिकली, की इंटरल्यूकिन-6 नावाचा रेणू यकृताला वर्दी देतो आणि यकृत सीआरपी रक्तात सोडू लागतं. न्यूमोनियात हा आकडा शंभराच्याही वर जातो. हृदयाच्या बाबतीत मात्र दोन-तीनच्या आसपासचा, वर्षानुवर्षं धुमसत राहणारा दाह महत्त्वाचा.

हे ठळकपणे दाखवलं अमेरिकन संशोधक पॉल रिडकर यांनी, 1997 मध्ये. अमेरिकेतल्या निरोगी पुरुष डॉक्टरांचे आधीच साठवलेले रक्तनमुने त्यांच्या गटाने तपासले. ज्यांचा सीआरपी सर्वांत जास्त होता त्यांना पुढे हार्ट अटॅक येण्याचं प्रमाण सर्वांत कमी सीआरपीवाल्यांच्या जवळपास तिप्पट निघालं. कारण असं, की रक्तवाहिनीतला अडथळा हा नळात साचणाऱ्या गाळासारखा मुकाट बसून राहत नाही. वाईट कोलेस्टेरॉल वाहिनीच्या भिंतीत शिरतं, पांढऱ्या पेशी ते गिळायला धावतात, गिळून फुगतात, तिथेच मरतात. त्या गाठीवरचं आवरण दाहामुळे पातळ होत जातं आणि एक दिवस फाटतं. तिथे रक्ताची गुठळी धरते, आणि बरेचदा तोच हार्ट अटॅक.

मग सगळ्या लोकसमूहांत हा दाह सारखाच असतो का? कॅनडात सोनिया आनंद यांच्या गटाने चार समूहांचं रक्त तपासलं. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेले सीआरपीचे सरासरी आकडे असे: चिनी वंशाचे 1.18, युरोपीय 2.06, दक्षिण आशियाई 2.59 आणि तिथले मूळ रहिवासी 3.74. एकाच देशात राहणारी माणसं, आणि टोकाच्या दोन गटांत तिपटीचा फरक!

असे आकडे वाचले की 'आपलं रक्तच तसलं' असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. मला ते पटत नाही. 2001 मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे हजार निरोगी पुरुषांचा अभ्यास झाला होता. त्यात भारतीय वंशाच्या पुरुषांचा सीआरपी गोऱ्या पुरुषांपेक्षा 17 टक्के जास्त होता. पण पोटावरची चरबी आणि इन्शुलिनला न जुमानण्याची शरीराची सवय या दोन गोष्टी हिशेबात धरल्या आणि वंशाचा म्हणून दिसणारा फरक उरलाच नाही.

इथे पुण्याचा संबंध येतो. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पांढऱ्या शर्टातले दोन सडपातळ गृहस्थ शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच, 22.3. एक्स-रेच्या खास यंत्राने मोजल्यावर यूडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या 21.2 टक्के. यूडकिन मॅरेथॉन धावणारे, हेही तिथेच नमूद आहे, आणि याज्ञिक यांचं जन्माच्या वेळचं वजन कमी होतं, हेही. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा अभ्यास 1993 पासून केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास तेवढीच. म्हणजे हाडकुळेपणात लपलेली चरबी आपण जन्माला येतानाच घेऊन येतो, आणि तिचं मूळ आईच्या ताटापर्यंत जातं.

फोटोतले दुसरे गृहस्थ, यूडकिन, यांनी त्याआधीच मांडलं होतं की चरबी म्हणजे नुसता तेलाचा साठा नाही. चरबीच्या पेशी स्वतःच इंटरल्यूकिन-6 रक्तात सोडतात. वर सांगितलेली यकृताला जाणारी वर्दी ती हीच. पोटाच्या आत, आतड्यांभोवती चरबी साठली की तिथून ही वर्दी रोजच जात राहते, ताप नसताना, जखम नसताना. म्हणूनच भारतीय पुरुषांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा 90 सेंटिमीटर धरतात, युरोपीय पुरुषांसाठी 94. आपल्या बायकांसाठी 80.

दाह आहे म्हणजे हृदयविकार ठरलेला, असंही नाही. बोलिव्हियाच्या जंगलात त्सिमाने नावाचे लोक राहतात. शेती, शिकार, मासेमारी, दिवसभर चालणं. जंत आणि जंतुसंसर्ग कायमचे, त्यामुळे निम्म्याहून अधिक लोकांचा सीआरपी वाढलेला. तरीही 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत 705 पैकी 596 जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियमचा कणही दिसला नाही; वर सांगितलेल्या गाठी जुन्या झाल्या की त्यांत कॅल्शियम साठतं. त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल सरासरी 91 होतं. भिंतीत शिरायला कोलेस्टेरॉलच कमी, तर दाह धरणार कशाला? सीआरपी स्वतः गुन्हेगार नाही, हे जनुकांच्या अभ्यासातूनही दिसलं: जन्मतःच ज्यांचा सीआरपी थोडा जास्त असतो त्यांना त्यामुळे हृदयविकार जास्त होत नाही. इंटरल्यूकिन-6 चा निरोप ज्यांच्यात जन्मतः क्षीण असतो त्यांना मात्र हृदयविकार कमी होतो.

दाहावर थेट औषध देऊनही पाहिलं गेलं. कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनाने कोलेस्टेरॉल न बदलता हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने येणारे मृत्यू मिळून 15 टक्के कमी झाले, पण जंतुसंसर्गाने दगावणारे वाढले. ते औषध हृदयासाठी वापरात आलं नाही.

मामांना मी दोन प्रश्न विचारले. दात, ताप, खोकला काही? तर डावी दाढ आठवडाभर ठणकत होती. कमरेचा घेर किती? "पँट चौतीसचीच लागते." पण पँट बेंबीच्या खाली, ढेरीखाली शिरून बसते. मामींना शिवणाची टेप आणायला सांगितली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजलं. 97 सेंटिमीटर भरलं.

दाढ काढली. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं, तर आकडा 2.9. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली आणि तीन महिन्यांनी येताना रिपोर्टाबरोबर टेपचा आकडाही आणायला सांगितला.