ताळेबंद ओढूनताणून जुळवू नका : एमबीए फायनान्सनंतर आमच्याकडे येणाऱ्यांसाठी

आमच्या हिशेबाच्या सरावाच्या बॅचला प्रवेश घेण्याआधी आणि नंतरही तेच तेच प्रश्न येतात, म्हणून हे पत्रक छापून घेतलं आहे. मुलांनी वाचावंच, फी भरणाऱ्या पालकांनीही वाचावं.

धुळ्याकडचे पालक दारातच विचारतात, "भाऊ, पोऱ्याले नोकरी लागी ना?" आम्ही त्यावर 'हो' म्हणत नाही. शंभर टक्के नोकरीच्या हमीचे फलक ज्यांना लावायचे त्यांनी लावावेत. आमचं मूळ काम जळगावातल्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहून देण्याचं, आणि संध्याकाळची बॅच त्याच टेबलांवर बसते. त्यामुळे सरावाला जिनिंग (कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना), डाळ मिल, सराफी पेढी, सावद्याकडचा केळीचा व्यापार यांचे खरेखुरे व्यवहार मिळतात, फक्त नावं खोडलेली असतात. डेबिट-क्रेडिट, रेशो (गुणोत्तरं), एनपीव्ही (पुढे येणाऱ्या पैशांचं आजचं निव्वळ मूल्य) तुमच्या कॉलेजात झालेलं आहे असं धरूनच आम्ही सुरुवात करतो.

आता ज्या एका गोष्टीत आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो ती. ताळेबंद जुळत नाही, फरक दिसतो, आणि मुलगा तो फरक सस्पेन्स खात्यात (उलगडा न झालेली रक्कम तात्पुरती ठेवायचं खातं) टाकून मोकळा होतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ओपनिंग बॅलन्समधला (सुरुवातीच्या शिलकेतला) फरक खाली ठळक दिसत असतो, तो घालवायला एक नवं लेजर, म्हणजे खातं, उघडतो. एक्सेलमध्ये तर आणखी सोपं : 'इतर देणी' या ओळीत हवा तो आकडा हाताने टाइप केला की दोन्ही बाजू सारख्या. फाइल आमच्याकडे येते तेव्हा तो फरक चार महिन्यांच्या नोंदींखाली गाडला गेलेला असतो.

एक उदाहरण बघा. जिनिंगचा पुढच्या वर्षाचा अंदाज करताना स्टॉक 40 लाखांनी वाढणार आहे. स्टॉक वाढला म्हणजे तेवढे पैसे मालात अडकले. कॅश फ्लोमध्ये (रोख किती आली-गेली त्याच्या तक्त्यात) ते वजा व्हायला हवेत. मुलाने ते मिळवले. त्यामुळे रोख शिल्लक 80 लाखांनी फुगली आणि ताळेबंदात बरोबर 80 लाखांचा फरक आला. त्याने 'इतर देणी 80 लाख' टाकून विषय संपवला. ही फाइल नोकरीच्या मुलाखतीत दाखवली की घेणाऱ्याचा पहिलाच प्रश्न असतो, "ही 80 लाखांची देणी कुणाची?" तिथे गप्प बसावं लागतं, आणि त्यापुढे तुमच्या रेशोंकडे कुणी बघत नाही.

फरक हा शत्रू नाही, तो चूक कुठे आहे ते सांगत असतो. आधी त्याचं अर्धं करा आणि त्या रकमेची नोंद शोधा. चिन्ह उलटं पडलेलं किंवा रक्कम उलट्या बाजूला गेलेली असेल तर ती तिथेच सापडते. मग 9 ने भाग जातो का बघा. 12,730 ऐवजी 17,230 लिहिलं गेलं, तर फरक 4,500, म्हणजे 9 गुणिले 500. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की फरकाला 9 ने भाग जातोच. मात्र टॅलीत अशी चूक दोन्ही खात्यांत सारखीच बसते, ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) बिनबोभाट जुळतो. ती पकडली जाते बँक रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे बँकेचा उतारा आपल्या नोंदींशी जुळवताना, नाहीतर पार्टीच्या खातेउताऱ्याशी ताडून बघताना. म्हणून आमच्याकडे सुरुवातीचे दिवस बँक स्टेटमेंट आणि कॅशबुक समोरासमोर ठेवून टिक मारण्यात जातात. "एमबीए करून टिकाच मारायच्या का?" असं मुलं विचारतात. हो, मारायच्या. सीए ऑफिसात असो की पुण्याच्या कंपनीत, नव्या माणसाच्या हाती पहिल्यांदा हेच काम येतं.

त्यानंतर कर्जाच्या फाइली. बँक किंवा एनबीएफसीच्या (बँक नसलेल्या वित्त कंपनीच्या) क्रेडिट विभागात, म्हणजे कर्ज तपासणाऱ्या विभागात, जायचं असेल तर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे माल आणि येणी यांच्या आधारावर किती रक्कम उचलता येईल ती मर्यादा, काढता आलीच पाहिजे. स्टॉक 2 कोटी, त्यातला उधारीचा माल (ज्याचे पैसे अजून दिलेले नाहीत) 60 लाख. येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे) 1 कोटी 20 लाख, त्यातली 20 लाख 90 दिवसांवरची. उधारीचा माल आणि जुनी येणी वजा केली की 1 कोटी 40 लाख आणि 1 कोटी उरतात. दोन्हींवर 25 टक्के मार्जिन (बँक सोडून देते तो हिस्सा) धरलं तर ड्रॉइंग पॉवर 1 कोटी 80 लाख. मार्जिन आणि दिवस मंजुरीपत्राप्रमाणे बदलतात, पण रीत हीच. ही 'जुनी येणी' काय भानगड आहे ते बघायचं असेल तर कुठल्याही लिस्टेड कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा, फुकट मिळतो. आपल्या जळगावची जैन इरिगेशन आहेच. येणी किती दिवसांची आहेत याचा तक्ता टिपणांमध्ये असतो; 2021 मध्ये कंपनी कायद्याच्या परिशिष्ट 3 मध्ये झालेल्या बदलापासून तो द्यावाच लागतो.

जीएसटीत इथल्या खाचाखोचा मुद्दाम घेतो. शेतकऱ्याकडून कापूस घेतला तर त्यावरचा कर नोंदणीकृत जिनिंगवाल्यानेच रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, भरायचा. ताज्या केळीवर कर नाही, केळीच्या वेफर्सवर लागतो. जीएसटीआर-2बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारा तक्ता) आणि खरेदी रजिस्टर जुळवून दाखवणाऱ्या मुलाला इथे काम शोधत फिरावं लागत नाही, हे मात्र आम्ही पालकांना छातीठोकपणे सांगतो.

"कोणतं सर्टिफिकेट मिळेल?" आमच्या नावाचं एक कागदी मिळेल, त्याचं फार कौतुक करू नका. मुलाखतीला जाताना स्वतः केलेल्या तीन फाइली न्या : एक रिकन्सिलिएशन, एक 2बी जुळणी, एक कर्जप्रस्ताव. आमचं सर्टिफिकेट न बघणारा माणूस त्या फाइली उघडून बघतो. शिकवण्याचे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर द्या अशीही मागणी असते. देत नाही. बघून समजलं असं वाटतं आणि हात मात्र कोरा राहतो. मोठ्या शहरातल्या क्लासपेक्षा आमची फी कमी आहे, ती दोन हप्त्यांत चालते. पण निम्म्यातून सोडल्यास परत मिळत नाही, कारण बॅच लहान असते आणि तुमची खुर्ची आम्ही दुसऱ्याला दिलेली नसते.

शंका विचारायच्या तर स्क्रीनचा फोटो पाठवू नका. फोटोत आकडा दिसतो, त्यामागचा फॉर्म्युला दिसत नाही. मूळ फाइल पाठवा, आणि 'टॅली होत नाही' एवढंच न लिहिता फरक किती आहे आणि काय काय तपासलं तेही लिहा. साधारणपणे दर महिन्याच्या 7 तारखेला टीडीएस (कापून घेतलेला कर) भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरणपत्र) आणि 20 ला जीएसटीआर-3बी (कर भरण्याचं विवरणपत्र) असते; त्या दिवशी आणि आदल्या दिवशी उत्तर उशिरा येईल. ज्यांना ही धावपळ आतून बघायची आहे त्यांनी नेमक्या त्याच दिवशी येऊन शेजारी बसावं, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

पहिल्या दिवशी लॅपटॉप, स्वतःच्या किंवा घरच्या दुकानाच्या खात्याचं मागच्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि एक जाड वही आणा. स्टेटमेंट पीडीएफमध्ये असेल तर पासवर्ड विचारून ठेवा. निम्म्या मुलांचा पहिला तास त्यातच जातो.