हवालदाराच्या हातात डिग्री कशी आली, थोडी मागची गोष्ट

फौजेत कमिशन नसलेला माणूस, म्हणजे आपला जवान, नाईक, हवालदार, नोकरीत राहून डिग्री करतो याचं आता कुणाला नवल वाटत नाही. पण हे फार जुनं नाहीये. आधी बरीच वर्षं शिक्षण म्हणजे एकतर वरची फीत मिळवायची सोय नाहीतर जवानगिरीतून बाहेर पडायचा दरवाजा, एवढंच होतं.

ब्रिटिश आर्मीने १८४६ मधे स्वतःच्या मास्तरांची वेगळी कोअरच उभी केली आणि १८६१ पासून सर्टिफिकेटं आली. थर्ड क्लास असेल तर कॉर्पोरल (आपल्या नाईकासारखा), सेकंड क्लास असेल तर सार्जंट (हवालदारासारखा), आणि फर्स्ट क्लास म्हणजे शिपायातून थेट ऑफिसर व्हायचं असेल त्यांच्यासाठी. थर्ड क्लासला काय होतं तर सोप्या गोष्टीतला उतारा मोठ्याने वाचायचा, शुद्धलेखन घालतात तसं ऐकून लिहायचं, आणि पैशांचे हिशोब. सेकंड क्लासला पलटणीचे जमाखर्च, व्याज, सरासरी. म्हणजे बघा, हा अभ्यासक्रम कमी आणि स्टोअरच्या कारकुनाचं ट्रेनिंग जास्त वाटतं. तरी तेही जड जायला लागलं म्हणून १८७१ मधे चौथा वर्ग काढला, अगदी लहान मुलांच्या लेव्हलचा, तो १८८८ मधे बंदही झाला.

आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या नौगाव इथे १९२९ साली किचनर कॉलेज निघालं, जवानांमधून ऑफिसर तयार करायला. त्याचंच पुढे १९६० मधे आर्मी कॅडेट कॉलेज झालं, मधे पुण्यात होतं, १९७७ पासून डेहराडूनला. तिथे जेएनयूची डिग्री मिळते, पण मिळाल्यावर माणूस जवान उरत नाही, पुढे आयएमए (इंडियन मिलिटरी ॲकॅडमी, ऑफिसरांचं ट्रेनिंग) आणि खांद्यावर स्टार.

अमेरिकेत दुसरं टोक. युद्धात शाळा अर्धवट सोडून आलेल्या पोरांसाठी १९४२ मधे जीईडी परीक्षा (हायस्कूल पास झाल्याच्या बरोबरीच्या) तयार झाल्या, आणि २२ जून १९४४ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी जीआय बिलावर, म्हणजे माजी सैनिकांना शिक्षणाचा खर्च देणाऱ्या कायद्यावर सही केली. वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी, वर महिन्याचा खर्च. सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजात गेले, १९४७ मधे तर कॉलेजातला जवळजवळ प्रत्येक दुसरा विद्यार्थी युद्धावरून आलेला. काळ्या सैनिकांना दक्षिणेत बहुतेक कॉलेजांची दारं बंदच होती ते वेगळं. पण जीआय बिलाचं हे सगळं वर्दी उतरवल्यावरचं.

वर्दीत राहून, आणि ऑफिसर न होता, फौजेच्याच कॉलेजातून डिग्री, याची तिथली सुरुवात १९७२ ची. अमेरिकन एअर फोर्सने स्वतःचं कम्युनिटी कॉलेज काढलं, इंजिन दुरुस्ती, रडार वगैरेचं जे टेक्निकल ट्रेनिंग मेकॅनिक लोक तसंही करतच होते त्यालाच क्रेडिट द्यायला लागले. १९७६ मधे डिग्री द्यायची परवानगी आली, १९७७ मधे पहिल्या डिग्र्या वाटल्या, दोन वर्षांच्या असोसिएट. आणि गंमत म्हणजे तिथे ऑफिसरला ॲडमिशनच नाही.