मिनेसोटा गोल्डन गोफर्स : पुरुष आइस हॉकी संघ

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचा पुरुष आइस हॉकी संघ. मिनीॲपोलिस आणि सेंट पॉल ही जुळी शहरे हे त्याचे घर. विद्यापीठाचा अधिकृत संघ म्हणून तो १९२१-२२ च्या हंगामापासून खेळतो. अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांची सर्वोच्च संघटना ‘एनसीएए’ हिचे विजेतेपद या संघाने पाच वेळा मिळवले आहे : १९७४, १९७६, १९७९, २००२ आणि २००३. त्याच्या शंभर वर्षांच्या इतिहासात एक प्रश्न सतत डोके वर काढतो. राज्याच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाच्या संघात खेळण्याचा पहिला हक्क कोणाचा, गावातल्या पोराचा की जो चांगला खेळेल त्याचा? या संघाचे बहुतेक मोठे विजय आणि काही मोठे पराभव या प्रश्नाच्या उत्तरांतून घडले आहेत.

गोफर हा जमिनीत बिळे करून राहणारा खारीच्या जातीचा प्राणी. मिनेसोटाला एकोणिसाव्या शतकापासून ‘गोफरांचे राज्य’ म्हणतात, आणि विद्यापीठाचे सगळे संघ तेच नाव लावतात. गणवेशाचे रंग तपकिरी-लाल व सोनेरी.

आइस हॉकीत प्रत्येक बाजूचे गोलरक्षकासह सहा खेळाडू बर्फावर असतात आणि ‘पक’ नावाच्या कडक रबरी चकतीने खेळतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग होतात. बाद सामन्यात बरोबरी राहिली तर जादा वेळ, आणि त्यात जो पहिला गोल करेल तो तिथेच जिंकतो. दमछाक इतकी होते की खेळाडू मिनिटभरही सलग खेळत नाहीत, तुकड्या-तुकड्यांनी आतबाहेर करतात. नियम मोडणाऱ्याला काही मिनिटे बाहेर बसावे लागते आणि तेवढा वेळ त्याचा संघ एका माणसाने तोकडा पडतो. महाविद्यालयीन खेळाडू हे विद्यार्थी असतात. एकाला सहसा चार हंगाम मिळतात, त्यामुळे संघ दर चार वर्षांनी जवळजवळ पूर्ण बदलतो. प्रशिक्षक मात्र राहतो. म्हणून अशा संघाचा इतिहास प्रशिक्षकांच्या कारकिर्दींनीच मोजला जातो.

सुरुवातीच्या काळातले मोठे नाव एमिल आयव्हरसन यांचे. मूळचे डेन्मार्कचे आयव्हरसन १९२३ ते १९३० या काळात प्रशिक्षक होते आणि पुढे शिकागोच्या व्यावसायिक संघाचेही झाले. १९४० मध्ये लॅरी आर्मस्ट्राँग यांच्या हाताखाली संघ संपूर्ण हंगामात अपराजित राहिला आणि त्याने ‘एएयू’ या हौशी खेळाडूंच्या संघटनेचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. एनसीएएची स्पर्धा १९४८ मध्ये सुरू झाली, त्यामुळे हे यश आजच्या पाचांत धरले जात नाही. त्या १९४० च्या संघात बचावाला जॉन मारिउची नावाचा धिप्पाड मुलगा होता.

मारिउची (१९१६–१९८७) एव्हलेथचे. राज्याच्या उत्तरेला ‘आयर्न रेंज’ नावाचा लोहखनिजाचा पट्टा आहे, तिथले हे खाणगाव. इटली, फिनलंड आणि स्लाव्ह देशांतून आलेल्या मजुरांनी हा भाग वसवला. हिवाळा लांब, गोठलेली तळी दाराशी, त्यामुळे या वस्त्यांत मुले चालायला लागली की स्केट घालत. मारिउची यांचे आईवडीलही इटलीहून आलेले. विद्यापीठातून ते शिकागो ब्लॅक हॉक्स संघात गेले आणि काही काळ त्याचे कर्णधारही होते. व्यावसायिक आइस हॉकी तेव्हा जवळजवळ पूर्णपणे कॅनडाच्या खेळाडूंच्या ताब्यात होती, हे लक्षात घेतले तर या कर्णधारपदाचे मोल कळते.

१९५२ मध्ये ते आपल्याच विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. महाविद्यालयीन संघांतही त्या वेळी कॅनडाच्या खेळाडूंचाच भरणा होता. कित्येक तर कॅनडातल्या स्पर्धांत वर्षानुवर्षे खेळून, चांगले विशीच्या मध्यावर आल्यावर अमेरिकेत शिकायला येत. समोर नुकती शाळा संपवलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुले. मारिउची यांना हे मान्य नव्हते. स्थानिक मुलांना जागाच मिळाली नाही तर अमेरिकेत हा खेळ रुजणार कसा, असे त्यांचे म्हणणे. वयाने मोठ्या कॅनेडियन खेळाडूंच्या भरतीवरून डेन्व्हर विद्यापीठाशी त्यांचे जाहीर वाजले आणि याच वादात १९५८ मध्ये पश्चिमेकडच्या विद्यापीठांची साखळी स्पर्धा मोडली. पुढच्याच वर्षी ती ‘डब्ल्यूसीएचए’ या नव्या नावाने उभी राहिली.

कॅनेडियन माणसाशी मात्र त्यांचे वैर नव्हते. ओंटारियोतल्या सू सेंट मारी गावचे लू नॅन हे त्यांच्याच संघाचे कर्णधार. नॅन यांनी पुढे अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आणि १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकी संघाचे नेतृत्व केले. मारिउची यांचा विरोध होता तो तयार माणसे आयात करून स्थानिक शाळांकडे पाठ फिरवण्याला. मिनेसोटाच्या शालेय संघांची राज्य स्पर्धा १९४५ पासून सेंट पॉलला भरू लागली होती. तिच्यातून वर येणाऱ्या मुलाला विद्यापीठाच्या संघाचे दार उघडे दिसले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. राज्यात शाळाशाळांतून हा खेळ वाढला त्यामागे हा आग्रह फार मोठा आहे.

त्यांच्या पहिल्या दोन्ही हंगामांत संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि दोन्ही वेळा हरला : १९५३ मध्ये मिशिगनकडून ३–७ आणि १९५४ मध्ये ट्रॉय येथील आरपीआय या तंत्रशिक्षण संस्थेकडून जादा वेळेत ४–५. या संघांचा कणा होता जॉन मायासिच, तोही एव्हलेथचाच. चार हंगामांत त्याने १४४ गोल केले आणि १५४ गोलांना साथ दिली. एकूण २९८ गुणांचा हा विद्यापीठाचा विक्रम अजून टिकून आहे. मारिउची प्रशिक्षक असलेल्या १९५६ च्या अमेरिकी ऑलिंपिक संघातून त्याने रौप्यपदक मिळवले आणि १९६० मध्ये सुवर्ण.

मारिउची १९६६ पर्यंत राहिले. राष्ट्रीय विजेतेपद त्यांना एकदाही मिळाले नाही. त्यांच्यामागून आलेल्या ग्लेन सॉनमर यांनी १९७१ मध्ये संघ अंतिम सामन्यात नेला, तिथे बॉस्टन विद्यापीठाने ४–२ असे हरवले. पुढच्या हंगामात घसरण अशी झाली की संघ साखळीत शेवटच्या क्रमांकावर गेला. अशा वेळी, १९७२ मध्ये, हर्ब ब्रुक्स आले.

ब्रुक्स सेंट पॉलच्या ईस्ट साइड भागातले, मारिउची यांच्याच हाताखाली खेळलेले. १९६० च्या ऑलिंपिक संघातून अगदी शेवटच्या घटकेला वगळलेला खेळाडू ते होते. त्यांच्या जागी बॉब क्लिअरीला घेतले गेले आणि त्या संघाने सुवर्ण जिंकले ते ब्रुक्स यांनी घरी टीव्हीवर पाहिले. माणूस कडक. खेळाडूंशी मुद्दाम अंतर ठेवून वागणारा. कॅनेडियन पद्धतीत पक पुढे भिरकवायचा आणि अंगावर जाऊन तो मिळवायचा. ब्रुक्स यांनी तिच्यात सोव्हिएत व युरोपीय खेळाची सरमिसळ केली : पक आपल्याकडे राखायचा, जागा बदलत राहायच्या, समोरच्याला चकवत फिरायचे. एवढे स्केटिंग करायचे तर दम हवा. तो आणण्याचा त्यांचा सराव खेळाडूंमध्ये ‘हर्बी’ या नावाने कुप्रसिद्ध होता. गोलरेषेवरून सुटायचे, जवळच्या निळ्या रेषेला जाऊन परत. लगेच मधल्या लाल रेषेपर्यंत आणि परत. मग दूरच्या निळ्या रेषेपर्यंत आणि परत. शेवटी पलीकडच्या गोलरेषेपर्यंत आणि परत. एवढे झाले की एक हर्बी. शिट्टी वाजली की पुन्हा पहिल्यापासून.

दोनच हंगामांत, १९७४ मध्ये, बॉस्टन गार्डनमध्ये मिशिगन टेकला ४–२ हरवून मिनेसोटाने पहिले एनसीएए विजेतेपद मिळवले. १९७६ मध्ये त्याच संघाला ६–४ हरवले. संघात जवळजवळ सगळी मिनेसोटाच्याच शाळांतून आलेली मुले होती. मारिउची यांना जे सिद्ध करायचे होते ते त्यांच्या शिष्याने करून दाखवले.

१९७९ चा अंतिम सामना डेट्रॉइटला झाला. समोर शेजारच्या राज्यातले नॉर्थ डकोटा, जुने वैरी. मिनेसोटाने सामना ४–३ असा जिंकला. निर्णायक गोल पहिल्याच वर्षातल्या नील ब्रॉटनचा. कॅनडाच्या सीमेजवळच्या रोझो गावचा हा सडपातळ मुलगा बर्फावर पडून घसरत असतानाच त्याने पक उचलून गोलरक्षकाच्या वरून आत टाकला. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मात्र गोलरक्षक स्टीव्ह जॅनाझॅक ठरला.

त्यानंतर ब्रुक्स यांनी विद्यापीठ सोडून १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकसाठी अमेरिकेचा संघ बांधला. वीस खेळाडूंपैकी नऊ त्यांच्याच गोफर्समधले : बिल बेकर, नील ब्रॉटन, स्टीव्ह क्रिस्टॉफ, स्टीव्ह जॅनाझॅक, रॉब मॅक्लानाहन, माइक रॅमसी, बझ श्नायडर, एरिक स्ट्रोबेल आणि फिल व्हर्चोटा. मिनेसोटा राज्यातले एकूण बारा. २२ फेब्रुवारी १९८० रोजी या विद्यार्थी वयाच्या संघाने सोव्हिएत संघाला ४–३ हरवले आणि दोन दिवसांनी फिनलंडला नमवून सुवर्णपदक घेतले. स्वीडनविरुद्धच्या पहिल्या सामन्यात २७ सेकंद उरले असताना बरोबरी साधणारा गोल बेकरचा, तर फिनलंडविरुद्ध आघाडी मिळवून देणारा गोल मॅक्लानाहनचा. जॅनाझॅक हा त्या संघातला एकमेव खेळाडू ज्याला संपूर्ण स्पर्धेत एकदाही बर्फावर उतरता आले नाही. वर्षभरापूर्वी विद्यापीठाला विजेतेपद मिळवून देणारा गोलरक्षक जिम क्रेगचा राखीव म्हणून बाकावर बसून राहिला. त्या सुवर्णपदकाच्या कथेत त्याचे नाव क्वचितच निघते, पण गोफर्सच्या इतिहासात त्याला विसरून चालणार नाही. ब्रॉटन विद्यापीठात परतला आणि १९८१ मध्ये, सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला दिला जाणारा होबी बेकर पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तो त्यालाच. ब्रुक्स यांचे २००३ मध्ये मिनेसोटातच मोटार अपघातात निधन झाले.

१९७९ नंतरची तेवीस वर्षे विजेतेपदाविना गेली. संघ वाईट होता असे मुळीच नाही. १९८५ ते १९९९ पर्यंत प्रशिक्षक असलेल्या डग वूग यांनी सहा वेळा संघाला अखेरच्या चारांत नेले. त्यांचा गोलरक्षक रॉब स्टॉबर १९८८ मध्ये होबी बेकर मिळवणारा पहिला गोलरक्षक ठरला. वूग यांनी मारिउचींचा आग्रह नियमासारखा पाळला : संघात फक्त मिनेसोटाची मुले.

विजेतेपदाच्या सर्वांत जवळ ते १९८९ मध्ये पोचले. सामना घरच्या सेंट पॉलमध्ये, प्रतिस्पर्धी हार्वर्ड. ३–३ अशा बरोबरीनंतर जादा वेळेत रँडी स्कार्डाचा फटका गोलच्या खांबावर आदळून बाहेर आला. थोड्याच वेळात एड क्रेयरने हार्वर्डचा विजयी गोल केला. हार्वर्डचे प्रशिक्षक होते बिल क्लिअरी, म्हणजे १९६० मध्ये ब्रुक्स यांची जागा घेणाऱ्या बॉबचे भाऊ. मिनेसोटात त्या पिढीच्या लोकांना आजही त्या खांबाची आठवण काढावी लागत नाही, ती असतेच.

१९९९ मध्ये आलेले डॉन लुशिया स्वतः मिनेसोटातल्या ग्रँड रॅपिड्सचे, पण फक्त राज्यातल्याच मुलांवर थांबायचे नाही, असे त्यांनी ठरवले. त्यांनी बाहेरून आणलेला पहिला मोठा खेळाडू ग्रँट पोटुल्नी, तोही चक्क ग्रँड फोर्क्सचा, म्हणजे नॉर्थ डकोटा विद्यापीठाच्या गावचा. बरीच कुजबुज झाली. ६ एप्रिल २००२ रोजी सेंट पॉलमध्येच मेन विद्यापीठाविरुद्ध अंतिम सामना होता. शेवटच्या मिनिटात संघ २–३ ने मागे. गोलरक्षकाला बाहेर काढून सहावा आक्रमक उतरवला आणि मॅट कोआल्स्काने बरोबरी साधली. जादा वेळेत मेनचा एक खेळाडू शिक्षा होऊन बाहेर बसला असताना गोलच्या अगदी पुढ्यातून पोटुल्नीने चौथा गोल केला. तेवीस वर्षांची प्रतीक्षा संघातल्या एकमेव बाहेरच्या मुलाने संपवली. पुढे तो संघाचा कर्णधार झाला. पुढच्या वर्षी ऑस्ट्रियाहून आलेला थॉमस वानेक पहिल्याच वर्षात संघाचा मुख्य आधार बनला. बफेलो येथे उपांत्य सामन्यात मिशिगनविरुद्ध जादा वेळेतला आणि अंतिम सामन्यात न्यू हॅम्पशायरविरुद्ध निर्णायक असे दोन्ही गोल त्याचे. ५–१ असा विजय मिळवून गोफर्सनी सलग दुसरे विजेतेपद घेतले.

त्यानंतर मात्र विजेतेपद हुकतच गेले. २००६ मध्ये होली क्रॉस या छोट्या महाविद्यालयाने पहिल्याच फेरीत जादा वेळेत ४–३ असे हरवले. २०१४ च्या उपांत्य सामन्यात नॉर्थ डकोटाविरुद्ध अवघे ०.६ सेकंद उरले असताना जस्टिन होलने विजयी गोल केला, आणि दोन दिवसांनी युनियन महाविद्यालयाने अंतिम सामना ७–४ असा जिंकला.

दरम्यान २०१३ मध्ये मिनेसोटा जुनी साखळी सोडून ‘बिग टेन’ या मोठ्या विद्यापीठांच्या गटात गेले. पेन स्टेट विद्यापीठाने मोठ्या देणगीच्या बळावर संघ उभा केल्यावर या गटाला स्वतःची हॉकी साखळी काढण्याएवढे संघ मिळाले होते. पैसा आणि दूरचित्रवाणी यांच्या हिशेबात हे बसत असेल, पण नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटातल्याच डुलुथ शहरातल्या विद्यापीठाशी दरवर्षी ठरलेल्या लढती त्यात गेल्या. जुन्या प्रेक्षकांना ते लागले, आणि त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही.

संघाचे घरचे मैदान मारिउची यांच्याच नावाचे आहे. पूर्वी संघ १९२८ मध्ये बांधलेल्या क्रीडागृहाच्या एका भागात खेळे. त्या भागाला १९८५ मध्ये, ते हयात असतानाच, त्यांचे नाव दिले गेले. १९९३ मध्ये रस्त्यापलीकडे सुमारे दहा हजार प्रेक्षकांचे नवे बंदिस्त मैदान झाले आणि नावही तिकडे गेले. तिथला बर्फ दीर्घकाळ ऑलिंपिक मापाचा, १०० फूट रुंद होता. अमेरिकेत रूढ असलेली रुंदी ८५ फूट. रुंद बर्फावर चपळ स्केटिंगला वाव मिळतो, ब्रुक्स यांच्या शैलीला साजेसा.

२०१८ मध्ये लुशिया यांचे एकेकाळचे सहायक बॉब मोट्झको प्रशिक्षक झाले. २०२३ मध्ये टँपाला क्विनिपिॲक विद्यापीठाविरुद्धच्या अंतिम सामन्यात २–० अशी आघाडी घेऊनही त्यांचा संघ जादा वेळेच्या दहाव्या सेकंदाला २–३ ने हरला. त्या संघाच्या पहिल्या तुकडीत लोगन कूली पेनसिल्व्हेनियाचा, मॅथ्यू नाइझ ॲरिझोनाचा आणि मिनेसोटाचा एकटा जिमी स्नगरुड. त्याचे वडील डेव्ह हेही पूर्वी गोफर्सकडूनच खेळलेले.

कॅनडातल्या कनिष्ठ वयोगटाच्या प्रमुख साखळ्यांचे खेळाडू व्यावसायिक समजले जात, म्हणून त्यांना अमेरिकी महाविद्यालयांत खेळता येत नसे. ही बंदी एनसीएएने नोव्हेंबर २०२४ मध्ये उठवण्याचा निर्णय घेतला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून तो लागू झाला. मारिउची यांनी १९५० च्या दशकात काढलेला वाद त्यामुळे पुन्हा ताजा झाला असून मिनेसोटाच्या शाळांतून येणाऱ्या मुलांना आता मोठ्या वयाच्या कॅनेडियन खेळाडूंशी जागेसाठी झुंजावे लागणार आहे.